उधाणाची वेळ

आशियाई क्रीडास्पर्धेतील हॉकीचा अंतिम सामना १ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीत झाला आणि पाकिस्तानने त्यात भारताचा सात गोलांविरुद्ध एक गोलाने पराभव केला. ज्या खेळात आपण आठ वेळा ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले होते, त्यातील हा मानभंग लोकांनी दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात वाचला नाही. तो त्यांनी घरात दूरदर्शनसमोर बसून, आणि काही मोजक्या घरांत तर रंगीत रूपात, डोळ्यांदेखत पाहिला. त्यानंतर सातव्या महिन्यात, २५ जून १९८३ रोजी, त्याच पडद्यावर कपिल देवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला. आपल्या समाजात क्रिकेटचे जे उधाण पुढे आले, त्याचा उगम केवळ दुसऱ्या घटनेत शोधण्याची रीत पडली आहे. मला मात्र या दोन्ही घटना एकत्र वाचल्यावाचून त्याचा उलगडा होत नाही.

दूरदर्शन या देशात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रयोगादाखल सुरू झाले, आणि मुंबईस केंद्र मिळण्यास २ ऑक्टोबर १९७२ हा दिवस उजाडावा लागला. टपाल कचेरीतून परवाना काढून ज्याने संच घेतला, त्याचे घर म्हणजे सबंध चाळीचे सभागृह. दारात चपलांचा ढीग पडे, आणि ‘गजरा’ असो की ‘आमची माती, आमची माणसं’, यजमानाला आपल्याच घरात बसण्यास जागा उरत नसे. आशियाई स्पर्धेच्या निमित्ताने १९८२ साली सरकारने रंगीत प्रक्षेपणास मंजुरी दिली, आयातीचे निर्बंध सैल केले, आणि वीस-बावीस वर्षे संथपणे चाललेल्या या साधनाला एकाएकी वेग आला. म्हणजे पाट आधी खणून झाला होता. पाणी तेवढे यावयाचे होते.

ते क्रिकेटमधून येईल असे कोणास वाटले नव्हते. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात सुनील गावसकर साठ षटके खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले होते, आणि १९७९ साली तर आपण श्रीलंकेकडूनही हरलो होतो. एकदिवसीय सामना हा आपला प्रांतच नव्हे, अशी जाणकारांची पक्की समजूत होती. १९८३ च्या अंतिम सामन्यातही भारताचा डाव १८३ धावांत आटोपला, तेव्हा ती खरी ठरणार असेच दिसत होते. परंतु मुंबईच्या बलविंदर संधूचा जो चेंडू सोडून देण्यासाठी ग्रीनिजने बॅट वर उचलली, तोच आत वळून यष्टीवर आदळला, रिचर्ड्सचा उंच उडालेला झेल कपिलने पाठमोरे धावत जाऊन टिपला, आणि वेस्ट इंडिजचा डाव १४० वर संपला. आकाशवाणीवर कान देऊन क्रिकेट ऐकणाऱ्या पिढीने कल्पनेने पुष्कळ पाहिले होते. पण तो झेल कल्पनेवर सोपविण्याजोगा नव्हता, तो पाहावाच लागला.

नागपूरचे एन. के. पी. साळवे तेव्हा क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. खेळाडूंना बक्षीस द्यावे इतकी रक्कम मंडळाच्या तिजोरीत नव्हती, म्हणून लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येकाला एक लाख रुपये मिळाले. आज अविश्वसनीय वाटावी अशी ही हकीकत आहे, आणि तिचे मोल मला विजयाइतकेच वाटते. पुढचे सारे झपाट्याने घडले: १९८४ साली गावोगाव प्रक्षेपक उभे राहिले, पुढच्या वर्षी परवान्याची अट गेली, आणि १९८७ चा विश्वचषक इंग्लंडबाहेर प्रथमच, भारत व पाकिस्तानच्या भूमीवर भरला.

हॉकीची ओहोटी केवळ पडद्यामुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७६ च्या माँट्रियलपासून ऑलिंपिकमध्ये कृत्रिम हिरवळ आली होती आणि आपली मुले मातीवर खेळत होती. परंतु लोकांची नजर प्रथमच एकवटली त्या घटकेस हॉकी हरत होती आणि क्रिकेट जिंकत होते, याची हळहळ आजही वाटते. त्याच दिल्लीच्या स्पर्धेत महाराष्ट्राच्या मातीत वाढलेली कबड्डी केवळ प्रात्यक्षिकादाखल खेळली गेली. १९९० साली बीजिंगमध्ये तिला पदकांच्या तक्त्यात जागा मिळाली व सुवर्णपदक भारतानेच जिंकले, तरी घरोघरी तिची चर्चा सुरू झाली ती २०१४ साली, प्रो कबड्डी लीगच्या निमित्ताने कॅमेरा तिच्या अंगणात उतरला तेव्हा.