कन्फ्यूशियन नातेधर्म

कन्फ्यूशियस (इ. स. पू. ५५१–४७९) आणि त्याच्या परंपरेतील विचारवंतांनी कुटुंब, मैत्री व राज्यकारभार यांतील नात्यांसाठी सांगितलेली आचारनीती. चीन, कोरिया, जपान व व्हिएतनाम येथील रोजच्या वागण्याबोलण्यावर तिचा खोल ठसा आहे. वडीलधाऱ्यांपुढे मान तुकवायला शिकवणारी नीती अशी तिची ख्याती असली, तरी मूळ ग्रंथांतून ती पुरती सिद्ध होत नाही. याच परंपरेतील विचारवंत मेन्सियस याने पाच नाती सांगितली आणि प्रत्येकाला एक गुण नेमून दिला : पितापुत्रांत जिव्हाळा, राजा व मंत्री यांच्यात न्यायबुद्धी, पतिपत्नींत कार्यांचा वेगळेपणा, थोरल्या-धाकट्यांत क्रम आणि मित्रांत विश्वास. या यादीत आज्ञापालन नाही. छी राज्याच्या अधिपतीने राज्यकारभाराविषयी विचारले, तेव्हा राजाने राजासारखे, बापाने बापासारखे व मुलाने मुलासारखे वागावे, असे कन्फ्यूशियसने सांगितले. म्हणजे वरच्या माणसाचे स्थानही त्याच्या वर्तनाला बांधलेले आहे. अधिपतीला ते तत्काळ पटले. मात्र लोक तसे वागले नाहीत तर कोठारातले धान्य आपल्याला खायला मिळेल का, एवढीच काळजी त्याने बोलून दाखवली.

‘लुन-यू’ या वचनसंग्रहात हा नातेधर्म अगदी घरगुती पातळीवर उतरतो. आईवडिलांना जेवू घालणे पुरेसे नाही, कारण कुत्र्याघोड्यांनाही आपण खायला घालतो. आदर नसेल तर दोन्हींत फरक उरत नाही. कामे उरकून देण्यापेक्षा चेहरा प्रसन्न ठेवणे अवघड, असेही तिथे म्हटले आहे. वडील चुकत असतील तर सौम्यपणे समजवावे, हा सल्लाही त्याच ग्रंथातला. ‘श्याओ-चिंग’ या पितृभक्तीवरील ग्रंथात याच्या पुढची पायरी दिसते. बापाचा शब्द पाळणे हीच पितृभक्ती का, या शिष्याच्या प्रश्नावर गुरू चिडतो आणि चूक दाखवणारा मुलगा असला तरच बाप अधर्मापासून वाचतो, असे बजावतो. याच परंपरेतील विचारवंत श्युन-त्झ यानेही बापापेक्षा न्याय्य मार्गाला अनुसरावे, असे स्पष्ट लिहिले. कन्फ्यूशियसचा शिष्य त्सेंग-त्झ याची कथा तर फारच बोलकी आहे. खरबुजाच्या वेलाचे मूळ चुकून कापले म्हणून बापाने त्याला बेशुद्ध पडेपर्यंत बडवले. शुद्धीवर आल्यावर बापाला घोर लागू नये म्हणून तो वाद्य वाजवत बसला. कन्फ्यूशियसने कौतुक तर केले नाहीच, उलट त्याला दारात उभे करू नका असे शिष्यांना सांगितले. लहान काठीचा मार सोसावा, मोठी काठी दिसली की पळावे. जीव गेला असता तर बापाच्या माथी केवढे पाप आले असते! कथा नंतरच्या काळात रचलेली असावी, पण परंपरेला ती जपून ठेवावीशी वाटली, हे महत्त्वाचे.

ही नीती निव्वळ आज्ञापालनाची नाही, या म्हणण्यावर मोठा आक्षेप इतिहासाचा आहे. हान काळात राजा, बाप व पती यांना वरचे स्थान देणारी ‘तीन बंधने’ रूढ झाली. थांग विधिसंहितेने (इ. स. ६५३) आईवडिलांविरुद्ध फिर्याद करणाऱ्या मुलाला, राजद्रोहासारखे मोजके गुन्हे वगळता, मृत्युदंड ठेवला. साम्राज्याला आज्ञाधारक प्रजा हवी होती आणि घर ही तिची पहिली शाळा, हे खरे. पण सारे खापर राजसत्तेवर फोडणे सोयीचे होईल. आईवडिलांनी ऐकले नाही तरी आदर ढळू देऊ नये व कुरकुर करू नये, हे ‘लुन-यू’मध्येच आहे. ‘ली-ची’ या आचारग्रंथानुसार तीनदा सांगूनही राजाने ऐकले नाही तर मंत्र्याने निघून जावे, मुलाने मात्र रडत रडत बापामागे जावे. खरी उणीव इथे आहे. कोरियातील चोसॉन राजवटीत राजाला त्याच्या चुका दाखवण्यासाठी ‘सागानवॉन’ हे स्वतंत्र कार्यालय होते. घरातल्या राजासाठी मात्र असे काही कुणी उभारले नाही. मुलाच्या तोंडी निदान सौम्य शब्द तरी ठेवला होता. सुनेला तेवढाही वाव क्वचितच मिळाला.

दुसरा आक्षेप आप्तपक्षपाताचा. बापाने मेंढी चोरली म्हणून साक्ष देणाऱ्या मुलापेक्षा एकमेकांना झाकणारे बापलेक कन्फ्यूशियसला सरळ वाटले. लाचखोर अधिकाऱ्याच्या नातलगांना हे वचन सोयीचे ठरते, यात शंका नाही. तथापि ते घरापुरते व साक्षीपुरते आहे. सरकारी पदावरून भावाचे भले करण्याची मुभा त्यातून निघत नाही. चीनमधील सांस्कृतिक क्रांतीत मुलांना आईबापांविरुद्ध उभे केले गेले, तेव्हा या मर्यादेचे मोल कळले. चीनच्या २०१२ च्या फौजदारी प्रक्रिया दुरुस्तीने आरोपीचा जोडीदार, आईवडील व मुले यांना न्यायालयात साक्षीसाठी सक्तीने आणण्यास मनाई केली.

कायद्याने हा नातेधर्म पाळायला लावण्याचे प्रयोगही झाले आहेत. वेगळे राहणाऱ्या कुटुंबीयांनी वृद्धांना वरचेवर भेटावे वा विचारपूस करावी, असे चिनी कायदा २०१३ पासून सांगतो. जिव्हाळा हुकमाने कसा आणणार, हा प्रश्न तिथे उरतोच. याउलट दक्षिण कोरियात संविधान न्यायालयाने २००५ मध्ये पुरुषप्रधान कुटुंबप्रमुख पद्धती समतेशी विसंगत ठरवली आणि २००८ पासून ती संपली. मूळ विचाराच्या अधिक जवळ सिंगापूरचा १९९५ चा पालकपोषण कायदा जातो. वृद्ध आईवडील त्याखाली मुलांकडे निर्वाहखर्च मागू शकतात. पण त्यांनी मुलाला टाकून दिले होते, छळले होते किंवा त्याची हेळसांड केली होती असे दिसले, तर न्यायाधिकरण तो अर्ज फेटाळू शकते.