पाळीव कुत्र्यांचे शौचप्रशिक्षण

पाळीव कुत्र्यांचे शौचप्रशिक्षण म्हणजे कुत्र्याला घरात मलमूत्रविसर्जन न करता ठरावीक वेळी व ठरावीक जागी ते करण्याची सवय लावणे होय. बोलभाषेत यास ‘शी-शूची सवय लावणे’ असे म्हणतात. पिल्लू घरी आणल्याच्या दिवसापासून या प्रशिक्षणास आरंभ करता येतो; योग्य पद्धत अवलंबिल्यास प्रौढ कुत्र्यासही ही सवय लागू शकते. घरात होणारी घाण हे पाळलेले कुत्रे सोडून देण्याचे एक कारण असल्याचे प्राणी-निवाऱ्यांच्या पाहणीत आढळले आहे. त्यामुळे या प्रशिक्षणाचा संबंध केवळ घराच्या स्वच्छतेशी नसून प्राण्याच्या भवितव्याशीही आहे.

शारीरिक पार्श्वभूमी

नवजात पिल्लास स्वतःहून मलमूत्रविसर्जन करता येत नाही. आई त्याचे पोट व गुदभाग चाटते, त्या स्पर्शाने विसर्जन घडते आणि ती जागा आईच स्वच्छ करते. सुमारे तीन आठवड्यांनंतर पिल्लू झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन विसर्जन करू लागते. झोपण्याची जागा स्वच्छ ठेवण्याच्या या उपजत प्रवृत्तीवरच शौचप्रशिक्षण आधारलेले आहे. दोन महिन्यांच्या सुमारास माती, गवत, कागद किंवा फरशी यांपैकी ज्या पृष्ठभागाची सवय झाली असेल, तोच पिल्लाला पुढे आवडू लागतो.

लहान पिल्लाचे मूत्राशय लहान असते व त्यावरील नियंत्रणही अपुरे असते. वयाच्या महिन्यांत एक मिळवावा, साधारण तितके तास पिल्लू लघवी रोखू शकते, असा एक ढोबळ आडाखा आहे. त्यानुसार दोन महिन्यांच्या पिल्लाची मर्यादा तीन तासांची ठरते. मात्र जागेपणी व खेळताना त्यास याहून बरेच लवकर बाहेर न्यावे लागते.

पद्धत

१. ठरावीक वेळापत्रक : झोपेतून उठल्यावर लगेच, खाण्यापिण्यानंतर काही मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी पिल्लास बाहेर न्यावे. अन्न पोटात जाताच आतड्यांची हालचाल वाढते. म्हणून जेवणाच्या वेळा निश्चित असल्यास शौचाच्या वेळाही निश्चित होतात. दिवसभर भांड्यात अन्न ठेवल्यास हा क्रम बिघडतो. पाणी मात्र तोडू नये.

२. एकच जागा : दर वेळी पट्टा लावून एकाच जागी न्यावे व शांत उभे राहावे. पूर्वीच्या वासामुळे पिल्लास त्या जागेची ओळख पटते.

३. तत्काळ कौतुक : विसर्जन पूर्ण होताच, त्याच जागी, प्रेमाने बोलून खाऊ द्यावा. घरात परतल्यावर दिलेला खाऊ कुत्र्याच्या लेखी घरात येण्याबद्दलचा असतो.

४. देखरेख : पिल्लू मोकळे असताना त्यावर लक्ष ठेवावे. जमीन हुंगत गोल फिरणे, खेळ अचानक थांबवून दाराकडे किंवा कोपऱ्याकडे जाणे ही विसर्जनाची पूर्वचिन्हे आहेत. लक्ष ठेवणे शक्य नसेल तेव्हा पिल्लास वळता व पाय पसरून झोपता येईल एवढ्या पिंजऱ्यात थोडा वेळ ठेवतात. पिंजरा ही विसाव्याची जागा असावी. त्यात तासन्‌तास कोंडून ठेवल्यास पिल्लास तेथेच विसर्जन करणे भाग पडते व स्वच्छतेची उपजत प्रवृत्तीच नष्ट होते.

सदनिकांमध्ये राहणाऱ्यांपुढे एक वेगळी अडचण असते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत, इतर कुत्र्यांचा वावर असलेल्या जागी पिल्लास पार्व्होसारख्या विषाणूंचा धोका असतो. अशा वेळी गॅलरीत किंवा न्हाणीघरात वर्तमानपत्र अथवा हिरवळीचा तुकडा अंथरून तात्पुरती सोय करतात. पुढे बाहेरची सवय लावताना कागदाचा वापरलेला तुकडा बाहेरच्या जागी ठेवल्यास बदल सुकर होतो.

चुका व शिक्षा

घाणीत नाक घासणे, वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारणे हे उपाय अद्यापही रूढ आहेत. परंतु ते निरुपयोगी व अपायकारक आहेत. काही मिनिटांपूर्वीच्या कृतीशी कुत्रे शिक्षेचा संबंध जोडू शकत नाही. माणसासमोर विसर्जन करणे धोक्याचे आहे, एवढेच ते शिकते. परिणामी पलंगाखाली किंवा पडद्यामागे लपून घाण करते आणि बाहेर मालकासमोर विसर्जन करण्यास कचरते. मालक रागावल्यावर कान पाडून अंग चोरणे ही अपराधाची कबुली नसून भीतीची खूण आहे. कुत्रे प्रत्यक्ष विसर्जन करताना दिसल्यास त्याचे लक्ष वेधून शांतपणे बाहेर न्यावे.

घाण झालेली जागा विकरयुक्त द्रावणाने स्वच्छ करणे उत्तम. अमोनियायुक्त द्रावणाचा वास मूत्रासारखा असल्याने ते टाळावे. फिनाइलच्या उग्र वासाने माणसास मूळ वास जाणवत नाही, कुत्र्यास मात्र तो जाणवू शकतो. शिवाय ते चाटल्यास विषबाधेचा संभव असतो.

प्रौढ कुत्री

दत्तक घेतलेल्या प्रौढ कुत्र्याचे प्रशिक्षण पिल्लाप्रमाणेच पहिल्या पायरीपासून करावे. प्रौढ कुत्रे अधिक काळ लघवी रोखू शकत असल्याने अनेकदा ते लवकर शिकते. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यास मातीची सवय असते, घर ही कल्पना मात्र नवी असते. याउलट पिंजऱ्यातच वाढलेल्या कुत्र्यास अधिक काळ लागतो.

सवय लागलेले कुत्रे अचानक घरात घाण करू लागल्यास प्रथम पशुवैद्याकडे न्यावे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार व जंत ही त्याची कारणे असू शकतात. नसबंदी झालेल्या काही माद्यांची झोपेत नकळत लघवी होते. वृद्ध कुत्र्यांत सांधेदुखीमुळे जिना उतरणे अवघड होते, तर मेंदूच्या ऱ्हासामुळे शिकलेली सवय विसरली जाते. पाय वर करून ठिकठिकाणी थोडी लघवी करणे हे हद्द दर्शविण्याचे, तर पाहुण्यांसमोर किंवा रागावल्यावर अंग चोरून लघवी करणे हे नमते घेण्याचे वर्तन आहे. या दोन्ही बाबी शौचप्रशिक्षणातील उणीव मानल्या जात नाहीत.

सार्वजनिक स्वच्छता

कुत्र्याच्या विष्ठेतून गोलकृमींची अंडी मातीत मिसळतात व त्यांचा संसर्ग माणसास, विशेषतः मुलांना, होऊ शकतो. बाधित प्राण्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा प्रसार होतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यामुळे हा धोका वाढतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 मधील मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही; त्याचबरोबर सार्वजनिक जागी पडलेली विष्ठा पालकांनी उचलावी, असेही त्यांत सुचविले आहे. म्हणून बाहेर नेताना कागद किंवा पिशवी सोबत ठेवणे हा शौचप्रशिक्षणाचाच भाग समजला जातो.