जंजिऱ्याला निघालात? मुक्काम आणि जेवण किनाऱ्यावरच. सोनपेठकरांसाठी तीन दिवसांची पूर्ण माहिती

सोनपेठ : सोयाबीनचे पैसे हातात आले, दिवाळीची सुट्टी लागली की तालुक्यातली बरीच कुटुंबं दोन-तीन दिवस कुठंतरी जाऊन यायचा बेत करतात. देवदर्शन होऊन जातं, पण समुद्र पाहायचा राहून जातो. समुद्र आणि पाण्यातला किल्ला एकाच फेरीत पाहायचा तर रायगड जिल्ह्यातलं मुरूड आणि तिथला जंजिरा ही सोयीची जागा आहे. मात्र जंजिऱ्यावर राहण्याची किंवा जेवणाची कसलीही सोय नाही. बेट दिवसा पाहायचं आणि पाठ टेकायला, पोट भरायला किनाऱ्यावरच्या गावात यायचं. हा हिशोब आधीच डोक्यात असला तर पैसेही वाचतात आणि लेकरंबाळंही सुरक्षित राहतात.

आधी गावाचं नाव नीट सांगा

आपल्याकडं 'मुरूड' म्हटलं की लातूर-बार्शी रस्त्यावरचं मुरूड डोळ्यांपुढं येतं. कोकणात आणखी एक मुरूड आहे, ते दापोलीजवळ हर्णैच्या बाजूला. त्यामुळं बसची चौकशी असो की खोलीचं बुकिंग, 'मुरूड-जंजिरा, जिल्हा रायगड' असं पूर्ण सांगावं. मोबाइलच्या नकाशातही जिल्हा बघूनच पत्ता निवडावा.

जायचं कसं?

सोनपेठकरांना गंगाखेड किंवा परळी वैजनाथ ही स्टेशनं जवळ पडतात. नांदेड-पनवेल एक्स्प्रेस परभणी, गंगाखेड, परळी, लातूर, पुणे मार्गे जाते. रात्रभर प्रवास करून सकाळी पनवेल येतं. तिथून एसटीनं पेण, अलिबाग, रेवदंडा करत मुरूड गाठता येतं. थेट गाडी मिळाली नाही तर अलिबागला उतरून दुसरी गाडी धरायची. अलिबागपासून मुरूड साधारण ५० किलोमीटर आहे. रस्ता वळणाचा, म्हणून गाडी लागणाऱ्यांनी पोट फार भरून बसू नये.

येताना पनवेलची गाडी दुपारनंतर असते. त्यामुळं तिसऱ्या दिवशी मुरूडहून सकाळीच निघावं लागतं. सुट्टीत आरक्षण लवकर भरतं, म्हणून आधी रेल्वेचं तिकीट काढा, मग खोली ठरवा. रेल्वेच्या वेळा बदलत असतात, त्या तिकीट काढतानाच पक्क्या करून घ्याव्यात.

एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं, तर ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं. आजी-आजोबा, सुना, लेकी असं घर मिळून निघालं तर पनवेलपासून पुढं खासगी गाडीपेक्षा एसटीच परवडते.

मुक्काम कुठं करावा?

*मुरूड गाव :* कुटुंबासाठी हीच जागा बरी. किनाऱ्याला लागून नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत आणि वाड्यांतच घरगुती निवासाच्या खोल्या मिळतात. समुद्र चालत जाण्याइतका जवळ, आणि ज्या राजपुरी गावातून जंजिऱ्याच्या होड्या सुटतात ते चार-पाच किलोमीटरवर. रिक्षा मिळतात.

*काशीद :* मुरूडच्या अलीकडं आहे. पांढऱ्या वाळूचा किनारा, पण हॉटेलं महाग आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची तुफान गर्दी. जाता-येता तासभर थांबायला चांगलं.

*अलिबाग, नागाव, आक्षी :* इथं खोल्या भरपूर आहेत. ज्यांना मुरूडपर्यंत जायचं नाही त्यांना अलिबागचा कुलाबा किल्ला पाहता येतो. तोही पाण्यातच आहे, पण ओहोटीला चालत जाता येतं.

सोमवार ते गुरुवार गेलं तर खोलीचे दर उतरलेले असतात आणि घासाघीसही करता येते. खोली घेताना भाडं खोलीचं की माणशी, जादा गादीचे किती, गरम पाणी आहे का, खोली किती वाजता मिळणार आणि किती वाजता सोडायची, एवढं फोनवरच विचारून घ्या. सात-आठ माणसं असतील तर दोन खोल्यांपेक्षा एक मोठा हॉल स्वस्त पडतो.

मोबाइलवर छान फोटो टाकून पूर्ण पैसे आधीच मागणारे भामटेही असतात. नकाशात ती जागा आहे का, लोकांनी तिच्याबद्दल काय लिहिलंय, हे बघा. मालकाला व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायला सांगा. अगदीच लागलं तर थोडी रक्कम द्या, बाकीची तिथं पोचल्यावर. रिकाम्या दिवसांत गेलात तर खोली समोर बघून घेणं सगळ्यात चांगलं.

काय खावं, कसं सांगावं?

घरगुती निवासात जेवण आधी सांगावं लागतं. सकाळी सांगितलं तर दुपारी, दुपारी सांगितलं तर रात्री ताट तयार. गावात खानावळीही आहेत. मासळीच्या थाळीत तळलेला तुकडा, कालवण, भात, तांदळाची भाकरी आणि सोलकढी येते. सोलकढी म्हणजे कोकम आणि नारळाचं दूध. आपल्या ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्यांनी तांदळाची भाकरी गरम असतानाच खावी.

मासा पहिल्यांदाच खाणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी सुरमई घ्यावी. तिला मधला काटा असतो, बारीक काटे कमी. बांगडा स्वस्त आणि चवीला भारी, पण काटे जपून काढावे लागतात. सुरमई, पापलेटची थाळी बांगड्याच्या थाळीपेक्षा महाग असते आणि भाव रोजच्या मासळीवर ठरतो. म्हणून ताटावर बसण्याआधी भाव विचारा. जादा भाकरी, जादा तुकडा यांचे पैसे वेगळे का, तेही विचारा.

माळकऱ्यांनी काळजी करू नये. वालाची उसळ, डाळ-भात, भाजी, घावन, आगाऊ सांगितल्यास उकडीचे मोदक मिळतात. मात्र तवा आणि भांडी वेगळी हवी असतील तर खोली ठरवतानाच स्पष्ट सांगावं. फक्त शाकाहारी स्वयंपाक करणारी घरंही सापडतात.

येताना अलिबागचा पांढरा कांदा आणता येतो. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्या वेण्या रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात.

बेटावरचा दिवस

जंजिरा हा शब्दच अरबीतल्या 'जझिरा' म्हणजे बेट यावरून आलेला. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधी घेता आला नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्यावर वचक ठेवायला समोरच पद्मदुर्ग बांधला. १६८२ साली छत्रपती संभाजी महाराजांनी जंजिऱ्याला वेढा घातला होता. हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. चारी बाजूंनी खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत, ते आणि कलालबांगडी तोफ आवर्जून बघावी.

सकाळची होडी धरावी. ऊन कमी लागतं आणि गर्दीही कमी. राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात, माणसं भरली की होडी सुटते. होडीवाला किल्ल्यात किती वेळ थांबणार ते चढण्याआधीच विचारून घ्यावं. लाइफ जॅकेट मागून घालावं. होडी हलत असताना पायरीवर पाय टाकावा लागू शकतो, म्हणून गुडघेदुखीच्या माणसांनी विचार करूनच जावं. पिण्याचं पाणी आणि लेकरांसाठी थोडं खाणं सोबत न्यावं, कचरा परत आणावा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

संध्याकाळी मुरूडच्या टेकडीवरचं दत्त मंदिर आणि वाटेवरच्या नांदगावचा सिद्धिविनायक पाहता येतो. नवाबाचा राजवाडा खासगी आहे, तो रस्त्यावरूनच बघायचा.

भरती-ओहोटी पंचांगातून कळते

कोकणातला जुना हिशोब असा : तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा. जे उत्तर येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर ४ गुणिले ३ म्हणजे १२, भागिले ४ म्हणजे ३. दुपारी तीनच्या आसपास भरती आणि त्याआधी साधारण सहा तास, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. पौर्णिमेनंतर वद्य पक्षात पुन्हा १ पासून मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, अष्टमीला कमी.

कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर तृतीया ते पंचमीची सकाळ सोयीची पडते. हा अंदाज आहे, तास-अर्धा तास मागंपुढं होतो. पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारावंच, आणि पाणी परत चढण्याआधी किनाऱ्याला यावं.

गोदावरीत पोहणाऱ्यांनी हे वाचाच

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. तरणीताठी पोरं होती.

गोदाकाठच्या गावांतली, खडका बंधाऱ्याच्या पाण्यात पोहून वाढलेली पोरं समुद्राला भीत नाहीत. पण नदीत ओढ एका बाजूला असते आणि समोर काठ दिसतो. समुद्रात लाट वर फेकते आणि परतणारं पाणी पायाखालची वाळू काढून आत ओढतं. चांगल्या पोहणाऱ्याचाही तिथं दम तुटतो. म्हणून गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. अंधार पडल्यावर, जेवण करून किंवा दारू पिऊन तर अजिबात उतरू नये. लेकरांचा हात एका मोठ्या माणसानं धरलेलाच असावा, फोटो दुसऱ्यानं काढावा. कोणी ओढला गेला तर मागोमाग उडी न मारता ओरडून कोळी बांधवांना बोलवावं, दोरी किंवा हवा भरलेली ट्यूब फेकावी आणि ११२ ला फोन करावा.

निघण्याआधी तपासा

रेल्वेचं येण्याचं-जाण्याचं तिकीट, सगळ्यांची आधार कार्डं, खोलीच्या मालकाचा नंबर, नेहमीची औषधं, टोपी, जादा कपड्यांचा एक जोड, थोडी रोकड. होडीजवळ नेटवर्क गेलं तर मोबाइलवरून पैसे जात नाहीत. आणि त्या दिवशीची तिथी कोणती, ते घरच्या कॅलेंडरवर बघूनच निघा.