बेम्स्टरचे भागीदार

ॲम्स्टरडॅमच्या उत्तरेस बेम्स्टर नावाचा जो आखीव मुलूख आहे, तो समुद्रसपाटीच्या सुमारे साडेतीन मीटर खाली वसलेला असून १६१२ पूर्वी तेथे वादळागणिक आपलेच काठ खात विस्तारणारे एक सरोवर होते. सरळ कालवे, त्यांना काटकोनात छेदणारे रस्ते, उंच चौपाखी छपरांची शेतघरे आणि त्यांमधली हिरवी कुरणे पाहून नवख्या प्रवाशाला ही सृष्टीची सौम्य कृपा वाटते. वस्तुतः हा देखावा भांडवल, करारमदार आणि सामुदायिक दायित्व यांचे अपत्य आहे, आणि त्याची वंशावळ शोधू गेल्यास हॉलंडच्या साऱ्या अर्थव्यवस्थेचा इतिहास हाती लागतो.

अकराव्या शतकाच्या सुमारास या प्रदेशात शेतकऱ्यांनी धान्य पिकविण्यासाठी दलदलीत समांतर चर खणावयास आरंभ केला. तेथील भूमी पीटची, म्हणजे शतकानुशतके पाण्यात साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. पाणी निघून गेले की ती आकसते, हवा लागली की झिजते, आणि खचत खचत पुन्हा पाण्याच्या पातळीला येऊन पोहोचते. मग चर आणखी खोल करावेत, तो भूमी आणखी खाली जावी! सरपणासाठी पीट कापून नेण्याच्या उद्योगाने या ऱ्हासाला हातभार लावला, आणि ज्या निचऱ्याने शेती शक्य झाली होती, त्यानेच कालांतराने धान्याची शेती दुष्कर करून टाकली.

पाणी एकट्याच्या बांधाने अडत नाही आणि शेजाऱ्याच्या गाफीलपणाची शिक्षा सर्वांना भोगावी लागते, या अनुभवातून पाण्याचा कारभार पाहणाऱ्या पंचायती जन्मास आल्या. राइनलंडच्या अशा मंडळाला काउंट दुसऱ्या विलेमने १२५५ मध्ये सनद दिली, म्हणजे डच प्रजासत्ताकाहून ही संस्था तीन शतकांनी वडील. बांधाचा अमुक तुकडा अमुक जमीनधारकाने राखावा, मंडळाच्या अंमलदारांनी त्याची पाहणी करावी, कसूर आढळल्यास दंड वसूल करावा, अशी व्यवस्था असे. कित्येक भागांत तर अशी रूढी होती की, ज्याला आपला बांध राखणे झेपेनासे होई त्याने बांधात फावडे रोवून जमिनीवरचा हक्क सोडावा, आणि जो ते फावडे उपसून घेईल त्याने जमिनीबरोबर बांधाची जबाबदारीही पत्करावी. मालकी आणि कर्तव्य यांची सांगड इतक्या निष्ठुर स्पष्टतेने घालणारा कायदा क्वचितच आढळेल.

धान्य पिकेना, तेव्हा त्या ओल्या भूमीवर गुरे आली. लोणी आणि चीज बाजारात जाऊ लागले, आणि खाण्याचे धान्य बाल्टिक समुद्रकाठच्या बंदरांतून जहाजांनी येऊ लागले. या आयातीने हॉलंडची गलबते वाढली, नावाडी वाढले, ॲम्स्टरडॅमच्या पेढ्या आणि गुदामे भरली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जी संपत्ती तेथे साचली, तिच्या एका मोठ्या झऱ्याचा उगम असा खचलेल्या जमिनीत होता.

ते भांडवल आता जमिनीकडे परत वळले. १६०७ मध्ये बेम्स्टर कोरडे करण्याचा परवाना ज्या सधन मंडळींना मिळाला, त्यांत डिर्क व्हान ओस हा व्यापारी अग्रभागी होता. १६०२ मध्ये संयुक्त ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲम्स्टरडॅम शाखेसाठी भागधारकांच्या रकमांची नोंद याच्याच घरी झाली होती. (हीच कंपनी १६३७ च्या सुमारास आपल्या वेंगुर्ल्यास वखार घालून गोव्याच्या पोर्तुगिजांची कोंडी करीत होती, आपल्या जुन्या दफ्तरांतले वलंदेज ते हेच.) सरोवराभोवती प्रथम वर्तुळाकार बांध आणि त्याबाहेर कालवा बांधण्यात आला. एक पवनचक्की पाणी फार उंच चढवू शकत नसल्यामुळे, खालच्या चक्कीने उपसलेले पाणी वरच्या चक्कीने उचलावे अशा रीतीने त्यांच्या मालिका उभारण्यात आल्या. त्यांची देखरेख डे राइप गावचा चक्कीकारागीर यान लेघवाटर याच्याकडे होती. काम तडीस जात असतानाच १६१० च्या वादळात समुद्राकडील बांध फुटून सरोवर पुन्हा भरले. तथापि भागीदारांनी माघार न घेता बांध उंचावला, चक्क्यांची संख्या चाळिसांच्या वर नेली, आणि १६१२ मध्ये सुमारे सात हजार हेक्टर तळ उघडा झाला. १२३ भागीदारांनी चिठ्ठ्या टाकून तो वाटून घेतला. पुढे ही जमीन धान्यापेक्षा गवताला अधिक मानवली, आणि बेम्स्टरही गाईगुरांचेच झाले.

पुढील पराक्रम याच वळणाचे, मात्र अधिकाधिक राज्यसत्तेच्या खजिन्यावर चाललेले. १६४१ मध्ये लेघवाटरने ज्या हार्लेम सरोवराच्या निचऱ्याची योजना मांडली, ते १८५२ मध्ये वाफेच्या पंपांनी कोरडे झाले. त्याच्याच तळावर आज स्खिपोलचा विमानतळ आहे. १९३२ मध्ये ३२ किलोमीटर लांबीच्या बांधाने झाउडर सागर कोंडण्यात आला. आणि १९५३ च्या फेब्रुवारीत नैर्ऋत्येकडील बांध फुटून १,८३६ माणसे दगावली, तेव्हा खाड्यांची मुखे रोखणाऱ्या डेल्टा योजनेस हात घालणे भाग पडले.

१९५० च्या सुमारास अडीच हजारांहून अधिक असलेली जलमंडळे विलीन होत होत आता २१ उरली आहेत. त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात आणि त्यांचा कर शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूलाही चुकत नाही. त्यांच्यापुढचा आजचा तंटा मात्र अकराव्या शतकातलाच आहे: पाण्याची पातळी वर ठेवली तर पीट खचणे मंदावेल, परंतु दूधउत्पादकाच्या कुरणात चिखल होईल, खाली ठेवली तर गवत पिकेल, परंतु घरांचे पाये आणि भावी पिढ्यांची भूमी जाईल. या देशाने समुद्राला जिंकले असे म्हणण्याची चाल आहे. पण जेथे उपसा क्षणभर थांबविण्याची मुभा नाही, तेथे ती विजयाची सनद नसून पिढ्यानुपिढ्या भरावयाचा सारा आहे, आणि तो एकत्र बसून वाटून घेण्याची सवय हीच डच लोकांची खरी मिळकत आहे.