एंझाइम संगणन

एंझाइमे व इतर प्रथिने यांच्या विक्रियांद्वारे तार्किक व गणितीय क्रिया करण्याची पद्धती. विद्युत् दाबाऐवजी येथे विशिष्ट रासायनिक पदार्थाचे अस्तित्व व अभाव हे अनुक्रमे १ व ० मानले जातात.

एखादा रेणू चिकटल्यामुळे एंझाइमाची क्रियाशीलता वाढते वा मंदावते, हे झाक मॉनो व त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या ॲलोस्टेरिक संकल्पनेने स्पष्ट झाले होते. कोशिकेत स्विच होताच. त्याकडे संगणकाचा घटक म्हणून पाहण्यास मात्र अवधी लागला. डीएनएवरून आरएनए रेणू तयार करणारे एंझाइम हे व्युत्क्रमी, म्हणजे उलट दिशेनेही चालू शकणाऱ्या, संगणनाचे निसर्गातील उदाहरण होय, असे चार्ल्‌स बेनेट यांनी १९७३ मध्ये दाखविले. संगणनास किमान किती ऊर्जा खर्चावी लागते, या मूलभूत प्रश्नाशी हा विचार निगडित होता.

१९९४ मध्ये लेनर्ड ॲडलमन यांनी डीएनए रेणूंच्या साहाय्याने सात बिंदूंतील मार्गाचे कोडे सोडविले. तथापि त्या प्रयोगात प्रत्येक टप्प्यावर मानवी हस्तक्षेप आवश्यक होता. ही उणीव इझ्राएलमधील वाइझमन संस्थेतील एहूद शापीरो व याकोव्ह बेनेन्सन यांच्या गटाने २००१ मध्ये दूर केली. फॉक-आय हे एंझाइम डीएनएवरील आपली खूण ओळखते, परंतु छेद मात्र तेथून ९ व १३ न्यूक्लिओटाइडांच्या अंतरावर घेते. छेदानंतर उघडे पडणारे चार न्यूक्लिओटाइडांचे टोक चिन्ह व यंत्राची अवस्था या दोहोंचा निर्देश करते आणि पुढील छेद कोठे पडेल हे ठरविते. केवळ ०·१२ मिलि. विद्रावात असे सु. १ लक्ष कोटी स्वयंचलित घटक एकाच वेळी काम करीत होते. मिळून सेकंदाला १ अब्ज संक्रमणे होत. प्रत्येक घटक स्वतंत्रपणे अतिशय मंद होता, हे या आकड्यांच्या झगमगाटात विसरले जाते. २००४ मध्ये याच गटाने रोगनिदर्शक आरएनए ओळखून औषधी डीएनए मुक्त करणारे यंत्र रचले. परंतु ते परीक्षानळीतच, सजीव कोशिकेत नव्हे.

२००६ पासून इतामार विल्नर, येव्हगेनी कात्झ इत्यादींनी प्रत्यक्ष एंझाइमांचीच तर्कद्वारे बनविली व चार जैव उत्प्रेरकांची साखळी जोडून दाखविली. साखळी लांबते तसतशी प्रत्येक टप्प्यावरील त्रुटी साचत जाते, ही येथील मुख्य अडचण होय. तीवर उपाय म्हणून उत्पादित पदार्थाचा काही भाग नष्ट करणारी गाळणी-विक्रिया योजतात. त्यामुळे क्षीण, संदिग्ध संकेत पुढे जात नाही.