कॉर्पोरेट गव्हर्नन्स म्हणजे काय? 'सत्यम'च्या निमित्ताने



आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे कुठल्या ना कुठल्या कंपनीचे शेअर असतात. कुणाला नोकरीत बोनसऐवजी मिळालेले, कुणाच्या ४०१ केमध्ये, तर कुणाच्या बाबांनी कधीतरी भारतात घेऊन ठेवलेले. वर्षातून एकदा त्या कंपनीकडून मतदानाचा ई-मेल येतो आणि आपण तो न उघडता डिलीट करतो. मीही बरीच वर्षे हेच केले. त्या ई-मेलमागे जी व्यवस्था आहे तिला कॉर्पोरेट गव्हर्नन्स म्हणतात. मराठीत 'सुशासन' असा शब्द वापरतात, पण तो ऐकला की मला सरकारी जाहिरात आठवते. म्हणून इथे इंग्रजी शब्दच ठेवतो.

कंपन्यांना दिशा कोण देते आणि त्यांच्यावर ताबा कोण ठेवते, ती पद्धत म्हणजे कॉर्पोरेट गव्हर्नन्स. ही व्याख्या ब्रिटनमधल्या १९९२ च्या कॅडबरी समितीची. (समितीचे अध्यक्ष सर एड्रियन कॅडबरी, होय, चॉकलेटवाल्या घराण्यातलेच.) आपल्या भाषेत सांगायचे तर असे समजा, की तुमचा पुण्यात फ्लॅट आहे आणि तो सांभाळायला एका ओळखीच्या माणसाकडे दिला आहे. भाडे तोच गोळा करतो, दुरुस्तीची बिले तोच पाठवतो आणि 'सगळे ठीक आहे' हेही तोच सांगतो. माणूस प्रामाणिक असेल तर प्रश्न नाही. नसेल तर तुम्हाला कळणार कसे? कंपनीत मालक म्हणजे हजारो भागधारक आणि चालवणारे मूठभर अधिकारी. म्हणून भागधारकांच्या वतीने लक्ष ठेवायला संचालक मंडळ, त्यात प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेले स्वतंत्र संचालक, हिशेब तपासायला बाहेरचा ऑडिटर आणि या सगळ्यांवर सेबी किंवा एसईसीसारखी नियामक संस्था. पारदर्शकता, उत्तरदायित्व, छोट्या भागधारकांना समान वागणूक ही जी तत्त्वे पुस्तकांत असतात, ती याच रचनेतून साधायची असतात.

रचना कागदावर उत्तम दिसते. ती कोसळते कशी, हे बघायला 'सत्यम कॉम्प्युटर'इतके चांगले उदाहरण नाही. ७ जानेवारी २००९ रोजी ही बातमी आली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. होस्टेलच्या टीव्हीसमोर क्रिकेट नसतानाही एवढी गर्दी मी त्याआधी पाहिली नव्हती.

हैदराबादची ही कंपनी बी. रामलिंग राजू यांनी १९८७ मध्ये सुरू केली. २००८ पर्यंत सुमारे ५३ हजार कर्मचारी होते आणि न्यूयॉर्क शेअर बाजारातही नोंदणी होती. संचालक मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक, पेंटियम चिपमुळे प्रसिद्ध झालेले विनोद धाम, केंद्र सरकारचे माजी कॅबिनेट सचिव, हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे डीन अशी मंडळी होती. २००८ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीला उत्तम कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा 'गोल्डन पीकॉक' पुरस्कारही मिळाला होता! (पुढे तो काढून घेण्यात आला.)

१६ डिसेंबर २००८ ला संचालक मंडळाने मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या दोन कंपन्यांसाठी मिळून सुमारे १६० कोटी डॉलर मोजायला मंजुरी दिली. सॉफ्टवेअर कंपनीला जमिनी आणि बांधकाम कशाला? 'मेटास'ची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की 'सत्यम' होते आणि या कंपन्या राजू कुटुंबाशी संबंधित होत्या. म्हणजे भागधारकांचा पैसा प्रवर्तकांच्याच घरी जाणार होता. बैठकीत काही संचालकांनी प्रश्न विचारले, पण ठराव मंजूर झाला. न्यूयॉर्कमध्ये शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला आणि काही तासांत व्यवहार मागे घ्यावा लागला. जे काम संचालकांचे होते ते बाजाराने केले.

तीन आठवड्यांनी राजूंनी पत्र लिहून कबुली दिली. ताळेबंदात रोख आणि बँकेतली शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. ३७६ कोटींचे जमा व्याज खोटे होते. १,२३० कोटींचे देणे लपवले होते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत नफ्याचे प्रमाण २४ टक्के दाखवले होते, प्रत्यक्षात ते ३ टक्के होते. वाघावर बसलो होतो आणि त्याने खाऊ नये म्हणून उतरायचे कसे तेच कळत नव्हते, अशा अर्थाचे त्यांचे वाक्य तेव्हा सगळीकडे गाजले. मेटासची खरेदी म्हणजे खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणून ठेवण्याचा शेवटचा प्रयत्न होता, हेही त्याच पत्रात आहे. त्या दिवशी मुंबईत शेअर जवळजवळ ७८ टक्के पडला.

आता मूळ प्रश्न. नियम नव्हते का? होते. एन्रॉन डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली (आपल्याला एन्रॉन आठवते ती गुहागरच्या दाभोळ प्रकल्पामुळे) आणि अमेरिकेने २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्सले कायदा आणला. न्यूयॉर्कला नोंदणी असल्याने तो सत्यमलाही लागू होता. भारतात सेबीचे 'क्लॉज ४९' २००० पासून होते. स्वतंत्र संचालक होते, ऑडिट समिती होती, प्राइस वॉटरहाउससारखा ऑडिटर होता.

नव्हती ती एक साधी गोष्ट. बँकेतल्या शिल्लकेची खात्री ऑडिटरने थेट बँकेकडून करून घ्यायची असते. अमेरिकेच्या एसईसीच्या तपासात दिसले, की ही पत्रे पाठवण्याचे आणि उत्तरे मिळवण्याचे काम कंपनीच्याच हाती सोडले होते. फ्लॅट सांभाळणाऱ्यालाच 'फ्लॅट बघून ये आणि सांग' म्हणण्यासारखे हे झाले. एसईसीच्या म्हणण्यानुसार सहा हजारांहून अधिक बनावट इनव्हॉइस तयार केले गेले. आयटीवाल्यांनी इथे थांबून वाचावे: बिलांच्या प्रणालीत 'सुपर यूजर' लॉगिन होते आणि त्यातून काही बिले इतर विभागांना दिसणार नाहीत अशी सोय होती, असे भारतातल्या तपासात पुढे आले. दर तिमाहीला ऑफिसात कुणाला कुठला अ‍ॅक्सेस आहे याची यादी तपासून सही करावी लागते, तेव्हा आपण कुरकुरतो. कोड लिहिणाऱ्यानेच तो प्रॉडक्शनमध्ये टाकू नये, या नियमावरही कुरकुरतो. ती कटकट कशासाठी असते ते इथे कळते.

सरकारने जुने मंडळ बरखास्त करून किरण कर्णिक, दीपक पारेख आदींना नेमले. कर्मचाऱ्यांचे पगार चालू राहिले, बरेचसे ग्राहक टिकले आणि एप्रिल २००९ मध्ये पुण्याच्या टेक महिंद्रने कंपनी घेतली. २०१३ मध्ये विलीनीकरण झाले. नव्या मंडळाने तीन-चार महिन्यांत जे केले ते गव्हर्नन्सचेच दुसरे उदाहरण आहे, पण त्यावर कुणी फारसे लिहीत नाही. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढच्याच महिन्यात अपिलात ती स्थगित झाली.

कायद्यात मात्र बदल झाले. २०१३ च्या कंपनी कायद्याने नोंदणीकृत कंपनीत एकच ऑडिट फर्म पाच-पाच वर्षांच्या दोन मुदतींपेक्षा जास्त सलग ठेवता येत नाही. स्वतंत्र संचालकालाही सलग दोनच मुदती. प्रवर्तकांनी गहाण टाकलेले शेअर जाहीर करणे सेबीने २००९ मध्येच सक्तीचे केले होते.

हे फक्त मोठ्या कंपन्यांचे दुखणे नाही. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढता येत होते. बँकेच्या कर्जापैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि ती हजारो बनावट खात्यांआड लपवली होती. परदेशातून आई-वडिलांना पाठवलेले पैसे अशा बँकांत असतात. एक टक्का जास्त व्याजापोटी सगळी ठेव एकाच सहकारी बँकेत ठेवू नका, असे घरी नक्की सांगा. भारतात ठेव विम्याचे संरक्षण २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंतच आहे.

आपण काय बघायचे? वार्षिक अहवाल दोनशे पानांचा असतो, सगळा वाचायला कुणाला वेळ नाही. मी चारच ठिकाणी बघतो. संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार, प्रवर्तकांचे गहाण शेअर, मुदतीआधी राजीनामा दिलेला ऑडिटर किंवा संचालक, आणि हातातल्या रोकडीच्या मानाने मिळालेले व्याज. शेवटचे गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल. अमेरिकन कंपनी असेल तर यातले बरेच प्रॉक्सी स्टेटमेंट आणि १०-के अहवालात सापडते. स्वतःच्या कंपनीचे शेअर मात्र कमीच ठेवा. एन्रॉनच्या कर्मचाऱ्यांच्या ४०१ केमधली निम्म्याहून जास्त रक्कम एन्रॉनच्याच शेअरमध्ये होती. नोकरी आणि बचत एकदमच गेली.

आणि तो मतदानाचा ई-मेल. भारतीय कंपन्यांत डिमॅट खातेधारकांना इथून ऑनलाइन मत देता येते. हे ई-मतदान किमान तीन दिवस खुले असते आणि सभेच्या आदल्या दिवशी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ५ वाजता बंद होते. त्यामुळे अमेरिकेतल्या मंडळींनी ते आदल्या रात्रीच उरकावे.