सीझियम-१३७

सीझियम-१३७ हे सीझियम या अल्कली धातूचे किरणोत्सारी समस्थानिक असून ते मुख्यतः युरेनियम व प्लुटोनियम यांच्या अणुविखंडनातून निर्माण होते. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे ३० वर्षे आहे. त्याचा शोध १९४१ साली अमेरिकेतील बर्कली येथे ग्लेन सीबोर्ग व मार्गारेट मेलहेज यांनी लावला.

== निर्मिती व क्षय ==
युरेनियम-२३५ च्या दर शंभर विखंडनांमागे सुमारे सहा वेळा १३७ अणुभाराची शृंखला तयार होते. आयोडीन-१३७ व झेनॉन-१३७ ही तिच्यातील अल्पायुषी समस्थानिके काही मिनिटांतच क्षय पावून सीझियम-१३७ मध्ये रूपांतरित होतात. पुढे बीटा क्षयाने त्यापासून बहुतांशी बेरियम-१३७ ची उत्तेजित अवस्था तयार होते. तिचा अर्धायुष्यकाल जेमतेम अडीच मिनिटांचा असून ती ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण उत्सर्जित करते. ज्यांना सामान्यतः 'सीझियमचे गॅमा किरण' म्हटले जाते ते वस्तुतः बेरियमचे असतात.

== पर्यावरणातील वर्तन ==
सीझियम तुलनेने कमी तापमानाला बाष्परूप होत असल्याने अणुभट्टीच्या अपघातात ते सहज बाहेर पडते. १९८६ च्या चेर्नोबिल व २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनांनंतर दीर्घकाळ टिकलेल्या प्रदूषणात त्याचाच वाटा मोठा आहे. चेर्नोबिलहून वाहत गेलेले सीझियम पावसाबरोबर वेल्सच्या डोंगराळ कुरणांवर पडले आणि तेथील काही मेंढ्यांच्या विक्रीवरील निर्बंध २०१२ साली उठले.

रासायनिक दृष्ट्या सीझियम पोटॅशियमसारखे वागते, म्हणून वनस्पती ते शोषून घेतात आणि प्राण्यांच्या शरीरात ते स्नायूंमध्ये पसरते. फुकुशिमा परिसरातील भातशेतीत पोटॅशियमयुक्त खत देऊन हे शोषण कमी करण्यात आले. चिकणमातीत मात्र सीझियम घट्ट बांधले जाते व वरच्या थरातच राहते. माणसाच्या शरीरातील निम्मे सीझियम बाहेर पडण्यास साधारणतः ७० ते ११० दिवस लागतात. प्रशियन ब्लू हे रंगद्रव्य औषध म्हणून पोटात दिल्यास हा काळ सुमारे महिन्यावर येतो.

== गोइयानिया दुर्घटना ==
सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोइयानिया शहरात एका सोडून दिलेल्या चिकित्सालयातून दोघांनी कर्करोगोपचाराच्या यंत्राचा भाग भंगार म्हणून काढून नेला. त्यात सुमारे ५१ टेराबेकरेल किरणोत्साराचे सीझियम क्लोराईड होते. आवरण फोडल्यावर आतील भुकटी अंधारात निळसर चमकू लागली. भंगार व्यापाऱ्याने ती कौतुकाने आप्तेष्टांत वाटली. काहींनी ती अंगालाही लावली. घरातील अनेकजण आजारी पडू लागल्यावर त्याच्या पत्नीला या वस्तूचा संशय आला व ती पिशवीत घालून बसने आरोग्य कार्यालयात नेण्यात आली. तोपर्यंत दोन आठवडे उलटले होते. सहा वर्षांची एक मुलगी व ही स्त्री यांच्यासह चार जणांचा मृत्यू झाला. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करण्यात आली आणि २४९ जणांवर किरणोत्सारी दूषितता आढळली. मृतांच्या दफनालाही स्थानिकांनी विरोध केला.

सीझियम क्लोराईड हे मिठासारखे भुकटीरूप व पाण्यात विरघळणारे असल्यामुळेच हा प्रसार इतका झाला. धातूच्या तुकड्याच्या रूपातील स्रोत असता तर तो हातोहात असा वाटला गेला नसता.

== उपयोग ==
औद्योगिक जाडी व घनता मापन, गॅमा मापकांचे अंशांकन आणि रक्त किरणित करणे यांसाठी सीझियम-१३७ वापरतात. रक्त किरणित केल्याने दात्याच्या लसीका पेशी निष्प्रभ होतात व त्या दुर्बल प्रतिकारशक्तीच्या रुग्णाच्या ऊतींवर हल्ला करू शकत नाहीत. मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने वापरलेल्या इंधनाच्या किरणोत्सारी कचऱ्यातून सीझियम वेगळे करून ते काचेत बंदिस्त केले आहे व या काचकांड्या रक्त किरणित करणाऱ्या यंत्रांसाठी पुरवल्या आहेत. ही काच पाण्यात सहज विरघळत नाही.

निसर्गात १९४५ पूर्वी सीझियम-१३७ जवळजवळ नव्हते. त्यामुळे न उघडलेल्या बाटलीतील जुनी म्हणून विकली जाणारी वाईन खरोखर अणुयुगापूर्वीची आहे का, हे बाहेरूनच गॅमा किरण मोजून तपासता येते.